कडेची माती

ताईबाईने मूठ आवळली आणि लोटनने ट्रॅक्टरचा खोदायचा हात जागीच थांबवला. बकेटमधून चिखलाचं पाणी गळत राहिलं. चारीचा तळ दिसू लागला असेल असं त्याला वाटलं, पण ती तळाकडे बघतच नव्हती. कपाशीच्या बाजूला, चारीच्या अगदी ओठावर, परवा काढलेल्या मातीचा ढीग उभा होता. तिची नजर त्या ढिगाच्या पायथ्याशी होती. तिने इंजिन बंद करायची खूण केली.

"आठे भेग पडेल शे, दखा," ती म्हणाली.

लोटन सीटवरून उतरला. भेग होती खरी. ढिगाच्या बुडातून निघून चारीला समांतर दहा-बारा फूट गेलेली, करंगळी जेमतेम शिरेल एवढी.

"पावसानी भेग शे. माती बसनी का मिटी जाई."

"ढीग तरी मांगे सारा."

"कपाशीवर?" लोटनने बांधाकडे मान वळवली. तिथे लिंबाखाली शेतमालक प्रेमराज नाना उभे होते, हातात छत्री, डोळे आपल्या कपाशीवर. "नानांनी काय सांगेल शे? एक ढेकूळ बी पिकवर पडाले नको. दोन तासनं काम शे. जोड बसना का बुजी टाकसूत."

नवऱ्याशी वाद घालायचा तर ताईबाईला ओरडून घालावा लागे, आणि चारचौघांत ओरडायला तिला आवडत नसे. लोटन अर्धा बहिरा होता. सुरतेला बावीस वर्षं लूमवर काढली, पगार आणला आणि कान तिकडेच ठेवून आला. गावी परतल्यावर त्याने हा बुटका ट्रॅक्टर घेतला. पुढे माती उचलायचं रुंद बकेट, मागे खोदायचा हात, शिवाय कुंपणाचे खड्डे पाडायचं गिरमिट आणि चाऱ्या साफ करायचं बिनदाती बकेट. मोठा जेसीबी जिथे जाऊच शकत नाही, त्या गल्ल्यांत, गोठ्यांत, दोन ओळींच्या मधून हा जाई. लोणपाडे गावाने त्याचं नाव 'बुटकी' पाडलं. पांझरेच्या काठच्या पाच-सहा गावांत बुटकीला मागणी होती ती एवढ्याचसाठी, की ती उभं पीक तुडवत नाही.

मागच्या सीटवर बसलं की चारीचा तळ दिसत नाही, आणि बहिऱ्या माणसाला ओरडून सांगून उपयोग नाही. म्हणून ताईबाई चारीच्या तोंडाशी उभी राही. तळवा खाली केला की हळू. जितकी बोटं, तितक्या विती शिल्लक. मूठ आवळली की थांब. सुरुवातीला गाव हसलं. "लोटनना ब्रेक बायकोना हातमा शे," असं पारावर म्हणत. पण सात वर्षांत बुटकीने कुणाचा पाईप फोडला नाही की केबल तोडली नाही, तेव्हा हसणारेही तिलाच आधी विचारू लागले, "वैनी, उद्या येतस का?"

नानांचं काम तसं परवाच व्हायचं. वीस दिवस पावसाने दडी मारली होती, विहिरीवरून पपईला जाणारा पाईप जमिनीत फुटला होता, आणि नाना घायकुतीला आले होते. पाईप मूळचा तीन फुटांवर. पण दोन वर्षांमागे नानांनी शेत सपाट करून घेतलं, या टोकाला भराव टाकला, आणि पाईप गेला सात फूट खाली. परवा लोटनने चारी मारली. फुटका जोड सापडला, तसला जोड गावात मिळेना, तो धुळ्याहून आणायचा ठरला. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी मातीला लोखंड लावत नाहीत. उकरायचं नाही तसं बुजायचंही नाही, सारायचंही नाही. बुटकीलाही हळदकुंकू लावून दिवसभर उभी केली होती. चारी उघडी राहिली, ढीग कडेला राहिला, आणि पंचमीच्या रात्री वीस दिवसांचा पाऊस एकदम पडला.

आता खरं तर पाण्याची घाई उरली नव्हती. पपई तृप्त होती. पण चारी उघडी, जोड आलेला, माणसं जमलेली. हातात घेतलेलं काम सोडून परत कोण जातो?

सुकदेव सायकलवरून आला तो गुणगुणतच. पंचविशीपासून आसपासच्या सगळ्या शेतांतले पाईप त्यानेच जोडलेले. बायको-मुलं पंचमीला माहेरी गेलेली, घरात तो आणि आई वच्छलाबाई. त्याने चपला बांधावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"काय लोटनभाऊ, उतरू ना?"

लोटनने भेगेकडे पाहिलं. सांगावं, असं त्याच्या मनात आलं. एवढंच सांगायचं होतं की जरा जपून, कडेची माती कच्ची आहे. पण सांगितलं तर सुकदेव म्हणणार ढीग सारा, ढीग सारायचा तर कपाशीतून जावं लागणार, आणि नाना छत्री घेऊन उभेच होते.

"उतर," लोटन म्हणाला.

ताईबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सुकदेव खाली उतरला. वाकून पाईप पुसला, करवतीने टोक सरळ केलं, वर हात करून जोड मागितला. ताईबाईने तो खाली दिला आणि ती सरळ उभी राहते न राहते तोच लोटनला तिचं उघडं तोंड दिसलं. आवाज त्याला आलाच नाही. पायाखालून एक धक्का तेवढा आला, आणि समोरचा ढीग निम्मा झाला होता.

तो धावला. चारीच्या जागी कालवलेली काळी माती होती, तिच्यात सुकदेवचं डोकं आणि एक हात. माती छातीच्या वर, खांद्यांच्या वर, हनुवटीला टेकलेली. जीव होता. डोळे सताड उघडे होते.

"लोटनभाऊ, वढ मले! दम कोंडाई राह्यना!"

आजूबाजूच्या शेतांतून माणसं पळत आली. दोघे तर सरळ चारीत उड्या घ्यायला निघाले. नानांची छत्री कुठे पडली कुणास ठाऊक, ते ओरडत होते, "नाडा आना रे! काखमा बांधा नी मशीनवरी वढा! बैल गाळमा फसस तव्हय असाच काढतस ना!"

कुणीतरी जाड दोराचा नाडा आणलाही. एकाने त्याचं टोक बुटकीच्या हाताला बांधायला घेतलं. लोटनने ते त्याच्या हातातून हिसकावलं.

"नही! नाना, नाडा लावा ते अर्धाच मानूस वर येई!"

"मंग काय देखत बसानं का?"

"बठ्ठा मांगे सरका! कडवर कोनी उभं ऱ्हावू नका!"

एवढा मोठा आवाज लोटनने जन्मात काढला नव्हता. माणसं दचकून मागे झाली. लोटन मात्र सुकदेवकडे बघत नव्हता, वर बघत होता. उरलेला निम्मा ढीग सुकदेवच्या डोक्यावर लटकत होता. बुडाची माती निघून गेल्यामुळे तो पुढे झुकला होता, आणि करंगळीएवढी भेग आता तळहाताएवढी झाली होती. चारीत उतरून उकरायला लागलं तर तो येणार. माणसं कडेला नाचली तरी येणार. आणि आला, की सुकदेवचं ते डोकंही दिसणार नव्हतं. ढीग आधी हलवायला हवा होता, तोही मागून, कपाशीच्या बाजूने, आणि चारीच्या अंगावर वजन न टाकता.

त्याने खोदायचा हात दुमडून घेतला, मशीनचे जमिनीत टेकवलेले पाय उचलले, सीट फिरवली आणि बुटकी चालू करून तो चारीपासून दूर निघाला.

"कोठे चालना रे लोटन? पळी राह्यना का?"

हे त्याला ऐकू आलं. सुकदेवचं मागून येणारं "वढ ना, भाऊ, वढ" हेही आलं. पुढे इंजिनाचा आवाज वाढला आणि बाकीचं काही आलं नाही. बहिरेपणाचा एवढा आधार त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता. चारीला वळसा घालून तो कपाशीच्या तोंडाशी आला. कमरेएवढी, कळ्या-पात्यांनी भरलेली कपाशी. सवयीने त्याचा पाय ब्रेकवर गेला.

नाना त्याच्यापुढे आले होते. वाट अडवायला आले असं त्याला वाटलं. नानांनी दोन्ही हातांनी एक झाड मुळासकट उपटून बाजूला फेकलं, मग दुसरं.

"घाल!" नाना ओरडले. "कपाशीमाथून घाल!"

बुटकी आडवी कपाशीत शिरली.

तिकडे ताईबाईने नानांच्या शेडचं दार दोघांकडून उखडून आणवलं होतं. बांधाच्या बाजूची कड पक्की होती, मूळची जमीन होती ती, भराव नव्हे. दार तिथे आडवं टाकून ती पोटावर निजली आणि तिने चारीत डावा हात सोडला. सुकदेवची बोटं तिच्या हाताला लागली, आणि त्याने तो असा धरला की तिच्या बांगड्या फुटल्या.

"वैनी, मना पाय समजत नही. पाय शेतस ना मना?"

"शेतस. मनाकडे देख. वर देखू नको. दम थोडा थोडा ले."

मग तिने उजवा हात वर केला.

लोटनला ढिगापलीकडचं काही दिसत नव्हतं. सुकदेव नाही, चारी नाही, बायकोही नाही. फक्त ढिगाच्या माथ्यावरून वर आलेला तो एक हात, कोपरापर्यंत चिखलाचा. पाच बोटं. त्याने पुढचं बकेट ढिगाच्या पाठीत हलकेच शिरवलं, भरलं, उचललं, मागे घेतलं आणि कपाशीवर ओतलं. पुन्हा. परत. पाच बोटं. ओली माती बकेटला चिकटत होती, झटकली तर हादरा बसला असता, म्हणून एक जण दर खेपेला फावड्याने बकेट खरवडून देत होता. चार बोटं. सात वर्षांत त्याने इतकं हळू काम कधी केलं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला हात सोडायची सोय नव्हती. तीन.

दोन बोटं झाली तेव्हा पुढचं चाक घसरलं.

फार नाही, वीतभर. पण तेवढ्यात बकेट पुढे गेलं, ढिगाचा माथा हलला आणि एक मोठं ढेकूळ पलीकडे गेलं. हवेतला हात नाहीसा झाला.

लोटनने ब्रेक दाबून धरला. पुढे जाता येईना, मागे घेतलं तर उरलेलं अंगावर यायचं. बकेट तसंच मातीत टेकवून तो बसून राहिला. पलीकडची माणसं काहीतरी ओरडत होती, सगळ्यांची तोंडं उघडी होती, आणि त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. आपण मारला याला, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. ढिगाने नव्हे, पावसाने नव्हे. मी मारला. सकाळी एक वाक्य बोललो असतो तर हा पोरगा आत्ता सायकलवर असता.

मग तो हात वर आला. मूठ आवळलेली होती. ती थोडा वेळ तशीच राहिली आणि हळूच उलगडून दोन बोटं झाली. ताईबाईने दोन्ही हातांनी सुकदेवचं तोंड झाकलं होतं, ढेकूळ तिच्या मनगटावर फुटलं होतं, हे लोटनला नंतर समजलं.

शेवटची माती त्याने बकेटच्या धारेने नुसती ओढून घेतली. ढीग संपला तेव्हा पहिल्यांदा त्याला चारी दिसली, सुकदेवचं डोकं दिसलं, आणि डोळे हलताना दिसले.

पुढचं काम हातांचं होतं. कपाशीकडच्या कडेला शेडचे पत्रे उभे लावले, पत्र्यांना बाजेचे पाय आडवे रेटले, आणि दोघे दोघे आळीपाळीने खाली उतरून घमेल्याने, ताटाने, बोटांनी माती काढत राहिले. फावडं लोटनने कुणाला घेऊ दिलं नाही. तो स्वतः सगळ्यात आधी उतरला आणि सगळ्यात शेवटी वर आला. पावणेदोन तास लागले. सुकदेवला शेडच्या दारावर घालून सडकेपर्यंत चौघांनी उचलून नेलं, तिथे ॲम्ब्युलन्स चिखलाला भिऊन उभी होती. उजवा खांदा निखळलेला, चार बरगड्या आणि एक पाय मोडलेला, आणि माणूस जिवंत.

संध्याकाळपर्यंत गावभर लोटनचंच नाव होतं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ पारोळ्यापर्यंत गेला. ज्याने "पळी राह्यना का" म्हटलं होतं, तोच नारळ घेऊन घरी आला. लोटनने नारळ घेतला नाही. तो ओसरीवर बसून होता आणि त्याला जेवण जात नव्हतं.

नाना आले. खुर्ची जवळ ओढून त्याच्या बऱ्या कानाशी वाकले.

"देख लोटन, ढीगनी गोट कोठे काढू नको. पावसानी माती, पडी गई. कोनाच दोष नही. सुकदेवना दवाखाना मी देखस. तुना धंदा शे, मनं नाव शे."

नाना वाईट माणूस नव्हते. त्यांची तीन ओळी कपाशी आडवी झाली होती आणि त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. लोटनने मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

नाना गेल्यावर ताईबाई दारात उभी राहिली. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मी सांगितलं होतं, असं ती दिवसभरात एकदाही म्हणाली नव्हती. ती म्हणाली असती तर लोटनला बरं वाटलं असतं.

"तुम्ही सांगशात का मी सांगू?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं धुळ्याला गेली. दवाखान्याच्या जिन्यात लोटन दोनदा थांबला. धंद्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. बुटकीवाल्यानेच माणूस गाडला होता, ही गोष्ट व्हिडिओपेक्षा लवकर पसरणार, हे त्याला दिसत होतं. पण खरी भीती वच्छलाबाईची होती. ती त्याच्या आईच्या बरोबरीची, एकाच गल्लीतली. लहानपणी त्याने तिच्या चुलीवरच्या भाकरी खाल्ल्या होत्या.

सुकदेव पाठीला उशा लावून पडला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्यात सलाईनची सुई. वच्छलाबाई शेजारी स्टुलावर, मांडीवर खिचडीचं भांडं. लोटनला पाहताच ती उठायला लागली, तिचे डोळे भरून आले.

"तू व्हता म्हनीसन मना पोऱ्या वाचना रे."

तिने त्याचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. लोटनला तो सोडवून घेता येईना.

"अक्का, एक गोट सांगानी शे." त्याचा आवाज बहिऱ्या माणसाचा होता, हवा त्याहून मोठा. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं. "तो ढीग मीच तठे टाकेल व्हता. कपाशी वाचाडाकरता. सकायमा कडले भेग पडेल दिखनी व्हती. ताईबाईनं सांगं बी व्हतं मले. तरी मी सुकदेवले खाले उतरू दिनं."

वच्छलाबाईने त्याचा हात सोडला. सुकदेवने डोळे मिटून घेतले.

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी लहान मूल पळत होतं. ताईबाई भिंतीला टेकून उभी होती, तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"त्याले सांगं व्हतं का भेगनं?" वच्छलाबाईने विचारलं.

"नही."

"इचारं व्हतं त्यानी, उतरू का म्हनीसन?"

"हा. इचारं व्हतं."

तिने मान खाली घातली. मांडीवरच्या भांड्यातली खिचडी निवून गोळा झाली होती, ती तिने चमच्याने उगीच दोनदा मोडली. शिव्या द्याव्यात, जा म्हणावं, असं लोटनला मनापासून वाटत होतं. तो त्यासाठीच आला होता.

वच्छलाबाईने भांडं त्याच्यापुढे धरलं.

"कालपासून त्यानी काही खादं नही. मना हात कापतस. तू घास चार त्याले."

लोटन स्टुलावर बसला. त्याने चमचा भरला आणि सुकदेवच्या ओठांपाशी नेला. सुकदेवने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि थोड्या वेळाने तोंड उघडलं. बरगड्या दुखत असल्यामुळे त्याला चावायला वेळ लागत होता. लोटन थांबत होता. दोन शितं हनुवटीवर सांडली, ती त्याने बोटाने टिपली आणि पुढचा चमचा भरला. वच्छलाबाई त्याच्या हाताकडे बघत बसली होती, आणि भांडं रिकामं होईपर्यंत तिने तिथून नजर काढली नाही.